संचालन प्रणालीची अद्यतने आणि त्यांतील विलंबाची कारणे

संगणक चालू करताच पडद्यावर 'कृपया थांबा, संगणक बंद करू नका' अशी सूचना यावी आणि टक्केवारीचा आकडा तिसावर येऊन अर्धा तास तेथेच खिळून राहावा, हा अनुभव कार्यालयांत, प्रयोगशाळांत व घरोघरी इतका नित्याचा झाला आहे की त्याची मीमांसा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. इंटरनेट मंद असावे अगर यंत्र जुने झाले असावे, असे म्हणून बहुतेक जण तो विषय सोडून देतात. ही दोन्ही कारणे काही अंशी खरी असली, तरी विलंबाचा मोठा भाग पुष्कळदा अन्यत्रच असतो.

संगणकातील सर्व यंत्रभाग व सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये मध्यस्थी करणारी जी व्यवस्था, ती संचालन प्रणाली होय. तीत आढळलेले दोष दूर करण्यासाठी निर्माता वेळोवेळी जे बदल पाठवितो, त्यांस अद्यतन अथवा व्यवहारातील शब्दात 'अपडेट' म्हणतात. हे काम एका दमात होत नाही. या संगणकास काय हवे आहे हे प्रथम ठरवावे लागते. मग ते आणावे लागते. मग जुन्याच्या जागी नवे बसवावे लागते. इंटरनेटच्या वेगाचा संबंध केवळ मधल्या पायरीशी आहे. पहिली पायरी तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही, आणि नेमकी तीच एके काळी सर्वांत त्रासदायक ठरली होती.

विंडोज एक्सपी ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. ऑक्टोबर २००३ पासून त्या कंपनीने सुरक्षाविषयक अद्यतने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा परिपाठ सुरू केला. (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळ म्हणजे भारतातील रात्र, म्हणून येथील संगणकांवर हा प्रसंग बहुधा बुधवारी ओढवतो.) यांपैकी इंटरनेट एक्सप्लोरर या प्रोग्रामची अद्यतने संचयी स्वरूपाची होती, म्हणजे प्रत्येक नव्या अद्यतनात मागील सर्व दुरुस्त्या समाविष्ट असत आणि त्यामुळे मागील अद्यतन निरर्थक होई. शासकीय परिपत्रकांत 'या विषयावरील पूर्वीचे आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत' असे जे वाक्य असते, त्याच जातीची ही व्यवस्था होती. ज्याने जुन्या आदेशांची फाईल चाळली असेल त्यास ठाऊक असते की, आजचा आदेश कालच्यास रद्द करतो, कालचा परवाच्यास, आणि ही साखळी शेवटपर्यंत तपासल्याशिवाय कारकुनास पुढे जाता येत नाही.

एक्सपीमधील शोधयंत्रणा हीच साखळी तपासत असे. परंतु तिची पद्धत अशी होती की साखळीत एक कडी वाढली की तपासणीचे काम दुप्पट होई. दहा कड्यांपर्यंत हे काम सुमारे हजार पटीने वाढते व यंत्रास ते जाणवतही नाही. वीस कड्यांना ते दहा लाखांवर जाते आणि तीस कड्यांना एकशे सात कोटींच्या घरात पोचते. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट धान्य मागणाऱ्याची जी कथा मुलांना सांगतात, तिचाच हा प्रत्यय होय. २०१३ साली प्रणाली बारा वर्षांची झाली तेव्हा काही साखळ्या चाळीस कड्यांच्या आसपास पोचल्या होत्या. परिणामी संगणक सुरू होताच शोधाचे काम संपूर्ण प्रोसेसर व्यापून टाकी, आणि वापरकर्त्यास दीर्घकाळ साधे पत्रही टंकित करता येत नसे. इंटरनेट कितीही वेगवान असले तरी येथे त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण अद्याप काहीच आणावयाचे ठरले नव्हते.

यावर अखेर जो उपाय योजण्यात आला तो अगदी साधा होता. जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अधिक्रमित झालेली जुनी अद्यतने यादीतूनच काढून टाकली. साखळी आखूड झाली आणि संगणक मोकळे झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ८ एप्रिल २०१४ रोजी, त्या प्रणालीस मिळणारा आधारच बंद झाला, हा योगायोग काहीसा क्रूरच म्हटला पाहिजे. याच दुखण्याची पुनरावृत्ती २०१५-१६ मध्ये विंडोज ७ वर झाली. नव्याने बसविलेल्या प्रणालीस पाच वर्षांचा हिशेब एकदम करावा लागे व त्यात तासन्‌तास जात. २०१६ च्या ऑक्टोबरपासून त्या प्रणालीस सुटी अद्यतने देण्याऐवजी महिन्याला एकच एकत्रित संच देण्यास आरंभ झाला. आजही विंडोजची मासिक अद्यतने संचयीच असतात.

तिसरी पायरी बसविण्याची. चालू असलेल्या प्रणालीच्या फाईली त्याच प्रणालीने बदलावयाच्या, हे धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे. विंडोजमध्ये वापरात असलेली फाईल सहसा बदलता येत नाही. म्हणून नवी फाईल बाजूस सिद्ध ठेवून प्रत्यक्ष अदलाबदल संगणक बंद होताना व पुन्हा सुरू होताना केली जाते. शिवाय २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रणालीच्या घटकांचा एक स्वतंत्र साठा डिस्कवर राखला जातो. बदल अर्धवट राहिला तर पूर्वस्थितीवर परत येता यावे, हा त्याचा एक हेतू. 'बदल मागे घेतले जात आहेत' ही सूचना पाहून वापरकर्ता चिडतो. वस्तुतः प्रणालीने स्वतःस वाचविल्याची ती खूण असते. विलंबाचा बराचसा भाग या सावधगिरीचे मूल्य आहे. टक्केवारीचा आकडा हे वेळेचे माप नव्हे, हेही येथे सांगावयास हवे. एका टक्क्याच्या कामास दोन सेकंद लागावेत व पुढच्यास वीस मिनिटे, हे सहज संभवते.

जुन्या हार्ड डिस्कवर ही पायरी फारच लांबते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस हवी ती जागा वाचन-शीर्षाखाली आणण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. शीर्ष सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या लहान फाईली सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणीच हाताळता येतात, आणि अद्यतनात अशा फाईली सहस्रावधी असतात. त्यातच प्रत्येक नवी फाईल विषाणुरोधक प्रोग्राम तपासून पाहतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हा सर्व अपव्यय टळतो. जुन्या संगणकावर एकच खर्च करावयाचा झाल्यास तो यावर करणे श्रेयस्कर.

याहून मूलगामी उपाय अँड्रॉइडने २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून उपलब्ध केला. या पद्धतीच्या फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. एकीवर फोन चालू असताना दुसरीवर नवी प्रणाली सावकाश बसविली जाते आणि पुन्हा सुरू करताना केवळ जागा बदलली जाते. नवी प्रणाली सुरू न झाल्यास जुनी शाबूत असतेच. काम तितकेच असते, पण ते मालकाच्या डोळ्यांसमोर होत नाही.

विलंबास कंटाळून अद्यतने कायमची बंद करणारे अनेक आहेत. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी: अद्यतनेही सदोष असतात. २ ऑक्टोबर २०१८ रोजी वितरित झालेल्या विंडोज १० च्या मोठ्या अद्यतनाने काही जणांचे दस्तऐवज व छायाचित्रे नष्ट केली. काही दिवसांतच ते थांबवावे लागले व १३ नोव्हेंबरला पुन्हा देण्यात आले. परंतु दुसरे पारडे अधिक जड आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने ज्या दोषाचा लाभ घेतला, त्यावरील दुरुस्ती आधार चालू असलेल्या प्रणालींसाठी १४ मार्चलाच उपलब्ध झाली होती. मधल्या एकोणसाठ दिवसांत ज्यांनी ती बसविली नाही, त्यांत ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयेही होती. तेथे रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आठवडाभर थांबून मग अद्यतन करणे हा शहाणपणा. अनिश्चित काळ थांबणे हा नव्हे. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत पाच आठवड्यांपर्यंत अद्यतन स्थगित करण्याची सोय आहे, ती याच कामासाठी वापरावी.

व्यवहारात पुढील गोष्टी उपयोगी पडतात. डिस्कवर वीसेक जीबी जागा मोकळी असावी. जागेअभावी फसलेले अद्यतन पुन्हापुन्हा सुरू होते व पुन्हापुन्हा फसते. आकडा हलत नसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. वीज तोडणे हा कित्येक तास दिवा निश्चल राहिल्यानंतरचाच मार्ग होय. एकच अद्यतन वारंवार फसत असल्यास अद्यतनसेवा तात्पुरती थांबवून विंडोजच्या फोल्डरातील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डराचे नाव बदलावे व सेवा पुन्हा सुरू करावी. प्रणाली ते फोल्डर नव्याने निर्माण करते आणि वैयक्तिक फाईलींस धक्का लागत नाही. अद्यतनानंतर यंत्र विचित्र वागू लागले तर ते बंद करून चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' निवडावे, कारण विंडोज ८ पासून साध्या बंद करण्यात प्रणालीचा गाभा बहुधा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो व पुन्हा तोच उचलला जातो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चाळीस संगणकांनी एकच संच चाळीस वेळा बाहेरून आणण्याचे कारण नाही. एका यंत्राने आणलेले भाग त्याच जाळ्यातील शेजारच्या यंत्रांस देण्याची सोय विंडोज १० पासून आहे. ती 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या नावाखाली सापडते. प्रथम एकाच संगणकावर अद्यतन बसवून, त्यावरील प्रिंटर व प्रात्यक्षिकांचे प्रोग्राम दोन-चार दिवस चालवून पाहावेत आणि उरलेले संगणक शनिवारी तासिका संपल्यावर, वीज न तोडता, त्या कामास लावावेत.