गिरिभ्रमण व गिर्यारोहणासाठी मार्गदर्शक पुस्तकांची निवड : सह्याद्रीच्या संदर्भात एक विवेचन

सूचक शब्द : मार्गदर्शिका, घाटवाट, समोच्च रेषा, प्रस्तरारोहण, सुधारित आवृत्ती

प्रस्तावना

महाराष्ट्रात दुर्गभ्रमणाची परंपरा जुनी आहे आणि तिच्याबरोबर वाढलेले ग्रंथलेखनही विपुल आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे निघतात तेव्हा त्यांच्या पाठपिशवीत बहुधा एखादे पुस्तक असते. परंतु ते निवडताना मुखपृष्ठ, छायाचित्रे आणि त्यात समाविष्ट असलेल्या किल्ल्यांची संख्या यांचाच विचार अधिक होतो. वाट चुकणे, पाणी संपणे, कड्यावर अडकून पडणे या प्रसंगांचे मूळ पुष्कळदा अपुऱ्या मार्गवर्णनात असते. म्हणून मार्गदर्शक पुस्तकाची पारख कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. ग्रंथाचा प्रकार ओळखणे

डोंगरविषयक मराठी ग्रंथांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला ललित प्रवासवर्णनांचा. गो. नी. दांडेकर यांचे 'दुर्गभ्रमणगाथा' हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरा किल्ल्यांच्या इतिहासाचा व सूचींचा. चिं. गं. गोगटे यांचे 'महाराष्ट्र देशातील किल्ले' या प्रकारात मोडते. तिसरा प्रत्यक्ष मार्गदर्शिकांचा. आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' आणि हरीश कापडिया यांचे इंग्रजीतील 'ट्रेक द सह्याद्रीज' ही यातील परिचित नावे.

पहिला प्रकार डोंगराची ओढ लावतो, दुसरा समोरच्या अवशेषांचा अर्थ सांगतो. वाट दाखविण्याची जबाबदारी मात्र तिसऱ्याच प्रकाराने स्वीकारलेली असते. ललित ग्रंथावर विसंबून अनोळखी घाटवाट उतरू पाहणे हा त्या ग्रंथावरही अन्यायच ठरतो.

२. सह्याद्रीची रचना आणि मार्गवर्णन

सह्याद्री हा बेसॉल्ट खडकाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा बनलेला आहे. कठीण थरांचे उभे कडे आणि त्यांच्यामधील सपाट पदर अशी पायऱ्यांसारखी रचना त्यामुळे तयार झाली आहे. अशा कड्यातून वर जाण्यास एखादीच नाळ किंवा सोंड उपयोगी पडते आणि ती चुकल्यास पुढे मार्गच उरत नाही. त्यातच पदरांवर ढोरवाटांचे जाळे असते. 'पुढे डावीकडे वळावे' एवढेच सांगणारे पुस्तक येथे निरुपयोगी ठरते. कोणत्या ओढ्यानंतर वळावे, नाळेचे तोंड कोणत्या खुणेवरून ओळखावे आणि चुकीची वाट कोठे फुटते, हे चांगली मार्गदर्शिका स्पष्ट करते.

नकाशा हा पुस्तकाचा पूरक असतो, पर्याय नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ५०० मीटर, आणि समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. दहा-बारा मीटरांचा कातळटप्पा त्यात दिसेलच असे नाही, मात्र दोराशिवाय आलेल्या गटाला तो परत फिरवू शकतो. भ्रमणध्वनीवरील मार्गरेषेचीही हीच मर्यादा आहे. ती वाट कोठून जाते हे दाखविते, ती किती अवघड आहे हे सांगत नाही.

३. काठिण्य, वेळ, पाणी व ऋतू

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाचनईकडून येणारी वाट तुलनेने सोपी आहे. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वरकडून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब असून तीत कातळातील चढ आहे. ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने चढणे हे मोठमोठ्या दगडधोंड्यांतून व कातळटप्प्यांवरून करावयाचे, अनुभवी गटाचे काम आहे. 'श्रेणी मध्यम' असा एकच शेरा संपूर्ण गडाला देणाऱ्या पुस्तकाने या तीन वाटांतील भेदच पुसून टाकलेला असतो. काठिण्य वाटेनुसार आणि कारणासह सांगितलेले असावे.

दिलेली वेळ तपासण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा उपयोगी आहे. पाच किलोमीटर अंतरास एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईस आणखी एक तास धरावा. सहा किलोमीटर अंतर व ९०० मीटर चढ असल्यास सुमारे पावणेतीन तास होतात. यात विश्रांती, ऊन, ओझे व घसारा धरलेला नाही. तेवढ्या वाटेस दोन तास सांगणारे पुस्तक सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेले नाही, असे समजावे.

'गडावर पाण्याची टाकी आहेत' हे विधानही अपुरे आहे. पाणी पिण्यायोग्य आहे काय आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, याचा उल्लेख आवश्यक आहे. पावसाळ्यात कोणती वाट वर्ज्य करावी, हेही सांगितलेले असावे.

४. प्रस्तरारोहणाची पुस्तके

सुळक्यांच्या चढाईसाठी निकष अधिक कठोर हवेत. प्रत्येक टप्प्याची उंची, दोराची लांबी, थांबण्याच्या जागा, सुटा खडक आणि उतरण्याचा मार्ग यांची नोंद असावी. पूर्वीच्या आरोहकांनी ठोकलेल्या मेखा व बोल्ट अनेक पावसाळ्यांत गंजतात. ते केव्हा बसविले, हे न सांगता 'बोल्ट उपलब्ध' असे लिहिणे धोक्याचे आहे. वर्ष दिलेले असले, तरी भार देण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट तपासावाच लागतो. शिवाय पुस्तक हे प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

५. आवृत्ती व लेखकाचा अनुभव

डोंगर स्थिर वाटला, तरी वाटा बदलतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकातील त्या परिसराचे वर्णन आज जसेच्या तसे ग्राह्य धरता येत नाही. म्हणून केवळ पुनर्मुद्रण आहे की सुधारित आवृत्ती, हे प्रथम पाहावे. लेखकाने वाट स्वतः कोणत्या वर्षी व कोणत्या ऋतूत केली, याची नोंद असलेले पुस्तक अधिक विश्वसनीय होय.

निष्कर्ष

पुस्तक विकत घेण्यापूर्वी आपल्याला चांगली ठाऊक असलेली एक वाट त्यात वाचून पाहावी. फाटे, वेळ, पाणी आणि अवघड जागा तेथे अचूक असतील, तर अनोळखी वाटेबाबतही त्या लेखकावर पुष्कळ अंशी विश्वास ठेवता येतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही खरेदीच्या वेळी हीच कसोटी लावावी व जुन्या आवृत्त्यांवर तशी सूचना चिकटवावी. पायथ्याच्या गावातील वाटाड्याचे ज्ञान त्या हंगामातील ताजे असते. त्याला कोणता प्रश्न विचारावा, हे ज्या पुस्तकामुळे कळते ते पुस्तक निवडण्यास योग्य समजावे.