वेगवान वाऱ्याच्या घरात

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहून आलेले वृद्ध रुग्ण मला पुष्कळदा सांगतात, "डॉक्टर, छतातल्या वाटोळ्या भोकातून वारा थेट अंगावर येई."

तिकडच्या काही जुन्या घरांत हवेच्या रुंद वाहिन्या बसवायला जागा नसते. तेथे भिंतींतून व छतातून सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या लवचीक नळ्या नेऊन त्यांतून थंड किंवा उबदार हवा वेगाने सोडतात. याचे लाभ खरे आहेत. झोतामुळे खोलीतील हवा ढवळली जाऊन तापमान सर्वत्र सारखे राहते. उन्हाळ्यातील दमटपणाही चांगला घटतो.

मात्र खर्च अधिक असतो, नळी आखूड असल्यास आवाज येतो आणि झोतासमोरची जागा त्रासाची ठरते. वार्धक्यात त्वचा व डोळे कोरडे पडतात, तहान कमी जाणवते. तरुणाला सुखावणारा वारा आजीला बोचतो. पण मुलांना अडचण नको म्हणून ती बोलत नाही.

म्हणून आई-वडील येण्यापूर्वी त्यांच्या पलंगावर स्वतः दहा मिनिटे पडून पाहा. झोत लागत असेल, तर पलंग सरकवा. फिल्टर वेळेवर बदला. हिवाळ्यात खोली १८ अंश सेल्सिअसखाली जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे.

आणि आजी-आजोबांनो, डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर तहानेची वाट न पाहता पाणी प्या. वारा सोसवत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. पलंग दोन हात सरकवणे मुलांना जड नसते. तुमचे आजारपण मात्र जड जाते.