कमला खानच्या सिनेमावर चाहते नाराज का?

‘द मार्व्हल्स’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. हा २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’चा पुढचा भाग. पहिल्याने शंभर कोटी डॉलरच्या वर कमावले, दुसरा वीस कोटींच्या आसपासच अडकला. कथा घाईत उरकली, खलनायिका फिकी, ही चाहत्यांची तक्रार आम्हालाही पटते. पण काहींनी न पाहताच नावं ठेवली, का तर नायिका तिघी! कमला मात्र बहुतेकांना आवडली. हॉलीवूडचा मुसलमान म्हणजे बहुधा बंदूकवाला. इथं रागावणारी अम्मी आहे, काळजी करणारे अब्बू आहेत. अम्मी झालेल्या झेनोबिया श्रॉफ मूळच्या मुंबईच्याच. मानोऱ्यातल्या आपल्या मुलींना दाखवायचंच तर आधी २०२२ ची ‘मिस मार्व्हल’ मालिका दाखवा. कमला कोण, फाळणीत तिच्या पणजीचं काय झालं, ते तिथंच कळतं.