वेशीपासून लष्करी फाटकापर्यंत : पहारा तोच, हक्क कोणते?

अक्कलकोटला लष्कराचा तळ नाही. शस्त्रे आहेत ती राजवाड्यातील संग्रहालयात. संस्थानी काळातील तलवारी, बंदुका पाहण्यास बाहेरगावचे लोक येतात. परंतु बंदूक खांद्यावर घेऊन फाटकावर उभे राहण्याचे काम आपल्या समाजातील माणसे आजही करीत आहेत. कोणी दारूगोळा डेपोच्या फाटकावर, कोणी हवाई दलाच्या तळावर, तर कोणी बँकेच्या दारात. असे बांधव आणि त्यांची घरे सांभाळणाऱ्या भगिनी यांच्यासाठी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

फाटकाशी आपले नाते जुने आहे. गावगाड्यात वेशीची राखण वेसकर करी. हातात काठी घेऊन रात्रभर जागायचे, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची. मोबदला काय, तर दारोदार मागून आणलेली भाकरी आणि खळ्यावरचे बलुते. ज्या गावाचे रक्षण करायचे त्या गावात त्याला घर नव्हते. हे काम त्याने निवडलेले नव्हते, ते जन्माने त्याच्या गळ्यात पडलेले होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महारवतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. वतन कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

सैन्यातील पहारा याहून वेगळा. तेथे शिपायाला पगार, हुद्दा आणि पेन्शन असते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार सैन्यातच होते. पुढे इंग्रज सरकारने आपली भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्जविनंत्यांची मोठी चळवळ झाली. अखेर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

तळाचा पहारा कोण करतो?

लष्करी ठिकाणांचा पहारा नेहमी पलटणीतील तरुण जवानच करतात असे नाही. डेपो, हवाई तळ, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा अशा अनेक ठिकाणी 'डिफेन्स सिक्युरिटी कोअर' हे दल असते. लोक त्याला डी.एस.सी. म्हणतात. १९४७ साली मथुरेला त्याची सुरुवात झाली. आज त्याचे केंद्र केरळात कन्नूरला आहे. त्यात निवृत्त सैनिकांना पुन्हा भरती करून घेतात. जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, घर अर्धे बांधलेले असते. अशा वेळी ही दुसरी नोकरी मोठा आधार ठरते.

हे काम बसून खाण्याचे नाही. ओळखपत्र तपासणे, गाडीची झडती घेणे, आत गेलेल्याची व बाहेर आलेल्याची नोंद ठेवणे, आणि अधिकारी कितीही मोठा असला तरी ओळख पटल्याशिवाय फाटक न उघडणे. साहेबाला थांबवण्याचा अधिकार शिपायाला मिळतो तो याच एका जागी!

जिवाची जोखीमही आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्यात डी.एस.सी.चे पाच जवान शहीद झाले. त्यांतील जगदीश चंद यांच्या हाती शस्त्र नव्हते. तरीही ते एका अतिरेक्याला भिडले आणि त्याचेच शस्त्र हिसकावून त्याला ठार केले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. त्याच वर्षी ३१ मे रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग भडकली. त्यात सैन्याचे दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. पहारा म्हणजे काय, ते अशा रात्री कळते.

गणवेश आहे, कागद आहे का?

डी.एस.सी.च्या जवानाला सेवेची शाश्वती आहे. पहिली पेन्शन चालू ठेवून या दलात पंधरा वर्षे भरली तर दुसरी पेन्शनही मिळू शकते. मात्र आधीची सेवा जोडायची की वेगळी ठेवायची, याचा पर्याय भरतीच्या वेळीच लिहून द्यावा लागतो. तो कागद घरात वाचून, समजून मगच सही करावी.

खरी चिंता आहे ती खासगी एजन्सीच्या पहारेकऱ्याची. बारा-बारा तास उभे राहायचे, सुट्टी नाही, पगार कोणत्या तारखेला होईल याचा भरवसा नाही. वेसकराच्या हाती काठी होती, याच्या हाती बंदूक असेल. पण हातात कागद नसेल तर दोघांत फरक तो काय राहिला?

कायदे आहेत. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा असून त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली आहेत. मंडळात नोंद झालेल्या रक्षकाचा पगार, भविष्यनिर्वाह निधी व रजा यांचा हिशेब मंडळामार्फत होतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला. त्याखालील नियमांत नव्या रक्षकाला १६० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिकाला ते कमी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

म्हणून आमचे सांगणे आहे, नोकरी धरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. एजन्सीचा परवाना कोठे आहे? नेमणूकपत्र केव्हा मिळेल? भविष्यनिर्वाह निधीचा व विमा योजनेचा नंबर कोणता? आठ तासांवरच्या कामाचा जादा पगार किती? बंदूक बाळगायची असेल तर परवाना कोणाच्या नावावर आहे, तेही पाहा. माजी सैनिकांनी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. भगिनींनी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि पगाराच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. घरावर प्रसंग आला तर तीच पिशवी उपयोगी पडते.

२०२२ पासून अग्निपथ योजनेत मुले चार वर्षांसाठी सैन्यात जात आहेत. त्यांतील बहुतेकांना पेन्शनशिवाय परत यावे लागेल. उद्या तीही कोणत्या ना कोणत्या फाटकावर उभी राहतील. पहारा देण्यात कमीपणा नाही. पण आपल्या आजोबांनी वेशीवरची भाकरी नाकारली, ती कष्टाचा मोबदला हक्काने मिळावा म्हणून. तो हक्क नातवाने सही करताना विसरू नये.