निळ्याचं दुखणं

मोबाइलवर पांढरा पडदा उघडा आणि त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाखाली तांबडे, हिरवे, निळे ठिपके सुटे दिसू लागतील. पडदा ओएलईडीचा असेल आणि घड्याळजीचं भिंग हाताशी असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते: निळे ठिपके बहुधा इतरांपेक्षा मोठे असतात. निळा ठिपका लवकर म्हातारा होतो. त्याला जागा जास्त दिली, की एकेका रेणूवरचा भार हलका होतो.

हे रेणू कार्बनचे, म्हणजे सेंद्रिय. १९६० च्या दशकात अँथ्रासीन या सेंद्रिय पदार्थाचे स्फटिक विजेने उजळवायला शेकडो व्होल्ट लागत. अमेरिकेत ईस्टमन कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दोन सेंद्रिय थर एकावर एक चढवले. दोन्हींची मिळून जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. एका बाजूने इलेक्ट्रॉन आले, दुसरीकडून धनभारी ‘होल’. मधल्या सीमेपाशी गाठ पडली आणि दहा व्होल्टच्या आतच हिरवा प्रकाश मिळाला.

पण इलेक्ट्रॉन-होलच्या अशा चार जोड्यांपैकी सरासरी एकच उजेड देते, तिघींची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने रेणूत प्लॅटिनमसारखा जड अणू बसवला आणि त्या तिघीही प्रकाश देऊ लागल्या; ही फॉस्फोरेसंट पद्धत. पुढे इरिडियम आलं. तांबड्या-हिरव्याचं भलं झालं.

निळ्याचं मात्र गणितच आडवं येतं. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि रेणूतले कच्चे बंध तुटतात साधारण तीनच्या आसपास. त्यात चौघींपैकी त्या तिघी जास्त वेळ रेंगाळतात. तेवढ्यात दोन उत्तेजित रेणूंची गाठ पडली, तर दोघांची ऊर्जा एकावरच येते आणि बंध तुटतो. उरलेले तुकडे पुढची वीज अडवत बसतात. म्हणून बाजारातल्या पडद्यांनी निळ्यापुरती चारांतली एकच जोडी उजळवणारी जुनीच फ्लुरोसंट पद्धत ठेवली. बॅटरी जास्त खर्च झाली तरी चालेल, पण पडदा टिकायला हवा. व्यवहार म्हणून हे मला पटतं.

मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने फॉस्फोरेसंट निळ्याचा पडदा उत्पादनाच्या पातळीवर तपासून झाल्याचं जाहीर केलं. वीज सुमारे १५ टक्के कमी लागते, असा कंपनीचा दावा. त्यातही तडजोड आहेच: उजळणारे थर दोन मजल्यांत, वरच्या मजल्यावर नवा निळा, खाली जुनाच.