गरगर फिरणारी मेंढी आणि माळावरचे खोकड

वाचकहो, सुगी आटोपली की आपल्या जालना जिल्ह्यात रानोरान मेंढरे बसू लागतात. अंबड-घनसावंगीकडची गोदाकाठची काळी जमीन असो, की भोकरदन-जाफराबादकडचे बरड असो, रात्री वाघूर लावलेली असते, मेंढरे रवंथ करीत असतात आणि कुत्री राखणीला असतात. अशा एखाद्या कळपात तुम्ही पाहिले असेल, की सात-आठ महिन्यांचे एखादे कोकरू इतरांपासून फुटते आणि एका अंगाला मान टाकून गरगर फिरू लागते. फिरता फिरता बांधाला जाऊन धडकते. पुढ्यात चारा असून खात नाही, वाळत जाते. टाळू दाबून पाहिली तर एखादे वेळी तेथले हाड मऊ लागते. कोणी म्हणतो ऊन लागले, कोणी म्हणतो बाहेरचे काही झाले. आणि माळावर खोकड-कोल्हे फिरतात, त्यांनीच ही घाण आणली, असेही म्हणणारे भेटतात.

या शेवटच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळशी चूक आहे. ती कशी, ते पाहू.

पशुवैद्य या रोगाला गिड म्हणतात. (फिरणारी प्रत्येक मेंढी गिडचीच असते असे नाही, दुसऱ्याही काही रोगांत जनावर असेच फिरते. तेव्हा डॉक्टरांना दाखविल्यावाचून ठरवू नये.) गिड झालेल्या मेंढीच्या मेंदूत पाण्याने भरलेला एक फुगा असतो. बहुधा ज्या बाजूला फुगा, त्या बाजूला ती फिरते. हा फुगा फोडून आत पाहिले तर कातडीला चिकटलेले बारीक पांढरे ठिपके दिसतात, शेकड्यांनी दिसतात. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एका चपट्या जंताचे डोके! पण मेंढीच्या अंगात त्याचा जंत होत नाही. त्यासाठी तो फुगा कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या, खोकडाच्या किंवा लांडग्याच्या पोटात जावा लागतो. तेथे त्या ठिपक्यांचे हातभर लांबीचे जंत होतात, सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची अंडी विष्ठेतून पडू लागतात, ती गवताला लागतात, ते गवत कोकरू खाते, आणि अंड्यातून निघालेला कीटक रक्तातून मेंदूत जाऊन पुन्हा फुगा धरतो.

हे कोडे मोठमोठ्या विद्वानांनाही बरीच वर्षे सुटले नव्हते. फुगा हा एक प्राणी आणि जंत हा दुसराच, असे कित्येकजण समजत. १८५० नंतरच्या चार-पाच वर्षांत कुखेनमायस्टर नावाच्या एका जर्मन डॉक्टराने प्रयोग केले. सशाच्या पोटात सापडणारे असेच फुगे त्याने तिकडच्या खोकडांना खाऊ घातले आणि काही दिवसांनी त्यांची आतडी तपासली, तो आत जंत! पुढे मेंढीच्या मेंदूतले फुगे कुत्र्यांना घालून त्याने तोच प्रकार सिद्ध केला. म्हणजे या शास्त्राच्या आरंभीच खोकड हजर आहे. मात्र आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.

आता माणसाच्या जिवाशी गाठ घालणारी गोष्ट. याच जातकुळीतला दुसरा एक जंत कुत्र्याच्या पोटात असतो. तो इतका लहान, की तांदळाच्या कणीएवढा. पण एका कुत्र्यात हजारोंनी असू शकतो. त्याचे फुगे मेंढ्या, बकऱ्या, गायी-म्हशींच्या कलेजीत आणि फुफ्फुसात धरतात. याला हायडॅटिड म्हणतात. त्याचे अंडे माणसाच्या पोटात गेले तर माणसालाही तोच फुगा होतो. तो वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही, हळूहळू वाढतो. लहानपणी कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळलेल्या मुलाला तरुणपणी उजव्या कुशीत गाठ लागते आणि सोनोग्राफीत फुगा दिसतो. मग लांबलचक औषधे, नाहीतर शस्त्रक्रिया. फुगा अंगातल्या अंगात फुटला तर जिवावर बेतते. येथे एक गैरसमज काढून टाका: मटण खाऊन हा रोग होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, पाण्याला, कच्च्या भाजीला लागून तोंडात जातात, त्याने होतो.

मग खोकडाचे काय? गुरुजींना येथे एक सांगावेसे वाटते. गोष्टींच्या पुस्तकांनी मुलांच्या मनात कोल्हा आणि खोकड यांचा घोटाळा करून ठेवला आहे. कोल्हा अंगाने मोठा, कोल्हेकुई करणारा. खोकड त्याहून पुष्कळ लहान, दोन-तीन किलोचे, झुपकेदार शेपटीचे. शेपटीचे टोक काळे. उंदीर, किडे, वाळवी आणि हंगामात बोरे हा त्याचा आहार. उंदीर खाते म्हणून ते शेतकऱ्याचे मित्रच. एवढेसे हे जनावर मेंढीची कवटी फोडणार कशी? त्याच्या पोटात मेंढीचा फुगा जायचा, तर तो आपणच उघड्यावर फेकलेल्या अवशेषांतून जायचा.

आपल्याच राज्यात, सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, खोकडांचा आणि गावकुत्र्यांचा बरीच वर्षे अभ्यास झाला आहे. बेलसरे, वनक आणि गॉम्पर या संशोधकांनी दोघांचेही रक्त तपासून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते जंतांविषयी नव्हते, कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूंच्या रोगांविषयी होते. पण त्यातून दिसले ते आपल्या उपयोगाचे आहे. हे रोग गावकुत्र्यांत घर करून होते आणि खोकडांतही त्यांच्या खुणा सापडल्या. गावाची रोगराई माळापर्यंत पोहोचते ती अशी. युरोपात आणि जपानच्या उत्तर भागात खोकड व उंदरांच्या आश्रयाने वाढणारा आणखी एक जंत माणसाला घातक ठरतो, हे खरे. पण तो थंड मुलखाचा, आपल्या माळावरचा नव्हे. तेव्हा बिळाच्या तोंडाशी धूर करायला कोणी निघाला असेल तर त्याला थांबवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्याने कळपातले एकही कोकरू वाचणार नाही.

वाचवील ते दुसरेच. आइसलँड नावाचे दूरचे एक बेट आहे, मेंढरांवर जगणारे. तेथे हायडॅटिडने लोक हैराण झाले होते. १८६३ साली क्राबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने १०० कुत्री चिरून तपासली. २८ कुत्र्यांत तो बारीक जंत निघाला. त्याने साध्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि १८६४ साली ती घरोघर फुकट वाटली गेली. मागाहून कायदे आले, कुत्र्यांना औषध देणे सक्तीचे झाले, रोगट आतडी-कलेजी पुरणे सक्तीचे झाले. विसाव्या शतकात तो रोग तेथून हटला. आमच्या मते कायद्याइतकेच श्रेय त्या पुस्तिकेला आहे.

आपल्याकडे खरी वेळ असते ती कंदुरीची. रानात बकरे पडते, भोवती कुत्री गोळा होतात, आणि ज्या कलेजीला पाण्याचे फोड आहेत तीच नेमकी कोणीतरी त्यांच्यापुढे टाकतो. फिरून मेलेल्या मेंढीची मुंडीही अशीच जाते. धनगर विचारील, मग कुत्र्याला घालू काय? त्याचे म्हणणे रास्त आहे. राखणीचे कुत्रे उपाशी ठेवून चालत नाही. तर असे करावे: कुत्र्याला घालायचेच ते अर्धा तास खळखळ उकळून घालावे. फोड आलेले अवयव आणि गिडच्या मेंढीची मुंडी जाळावी, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात पुरून वर दगड रचावे.

कुत्र्याच्या जंतावर प्राझिक्वांटेल नावाची गोळी आहे. ती वजन पाहून द्यावी लागते, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. एकदा देऊन भागत नाही. दर तीन महिन्यांनी तरी द्यावी. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवावे, आणि त्या दिवसांतली त्याची विष्ठा फावड्याने उचलून जाळून टाकावी.