शिक्क्यांची लिपी

टपालाची तिकिटे आणि जुनी नाणी जमविणाऱ्यांच्या पंगतीत पारपत्रावरील शिक्के जमविणारेही येऊन बसले आहेत. छंद खर्चिक खरा. शिवाय त्यात कायद्याची एक गंमत दडली आहे. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार पारपत्र ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे हा संग्राहक आपला संग्रह दुसऱ्याच्या वहीत करीत असतो!

शिक्का वाचणे ही मात्र एक विद्याच होय. युरोपातील शेंगेन देशांचा शिक्का पाहावा. एका कोपऱ्यात ताऱ्यांनी वेढलेली देशाची अक्षरे, दुसऱ्यात विमान, आगगाडी, मोटार वा जहाज यांचे चित्र, मधोमध तारीख आणि खाली नाक्याचे नाव. चौकट काटकोनी असेल तर प्रवेश. कोपरे गोलावलेले असतील तर निर्गमन. इराणच्या शिक्क्यावर १३८० हा आकडा पाहून नवखा माणूस चक्रावतो. ते सौर हिजरी वर्ष २१ मार्च २००१ रोजी सुरू झाले. शकात ७८ मिळविण्याची सवय असलेल्या मराठी वाचकास ६२१ मिळविणे जड जाऊ नये.

काही शिक्के न सांगितलेलेच अधिक सांगतात. इस्राएल २०१३ पासून पर्यटकाच्या पारपत्रावर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देऊ लागले. कारण तो शिक्का दिसताच लेबनॉनसारखा देश दार लावून घेतो. पण इजिप्तच्या ताबा नाक्यावरील शिक्का लपणार कसा? त्या नाक्यापलीकडे इस्राएलच आहे.

जुन्या भारतीय पारपत्रांत तर देशाचे अर्थकारण आणि परराष्ट्रधोरण एकत्र नांदते. बँकेने किती विदेशी चलन दिले, याची नोंद पारपत्रातच होत असे. त्या टंचाईच्या काळात परदेशी निघालेल्या अनेकांच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. दक्षिण आफ्रिकेसाठी हे पारपत्र वैध नाही, अशीही नोंद असे. वर्णद्वेषाविरुद्ध १९४६ मध्ये व्यापारबंदी घालणाऱ्या भारताचे त्या देशाशी राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा जुळले, तेव्हा ती नोंद इतिहासजमा झाली.

सर्वांत बोलका शिक्का मात्र परदेशातील नव्हे, घरचाच. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ अशी मोहोर कमी शिकलेल्यांच्या पारपत्रावर उमटू लागली. पुढे दहावी ही त्याची सीमारेषा ठरली. आखातात नोकरीसाठी निघालेल्या गवंड्याला वा सुताराला दलालाने फसवू नये, हा हेतू निश्चितच चांगला होता. परंतु संरक्षणाची ती खूण विमानतळावर शिक्षणाचा आणि वर्गाचा दाखला होऊन बसली. २०१८ च्या जानेवारीत अशा पारपत्रांना नारिंगी वेष्टन देण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला. टीका झाली आणि महिना संपण्यापूर्वीच तो मागे घ्यावा लागला. आतल्या पानावरची मोहोर वर्षानुवर्षे निमूट सोसली गेली. तीच वेष्टनावर येताच बोचली!

आता शाईच आटत चालली आहे. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र यंत्रात नोंदविण्यास टप्प्याटप्प्याने प्रारंभ केला. रांगा आणि बनावट शिक्के यांचा विचार करता यात गैर काही नाही. तथापि १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मुभा असलेला प्रवासी आजवर आपला हिशेब स्वतःच्या हातातील वहीवरून करीत असे. प्रवेशाचा शिक्का नसेल तर मुदत उलटली असे गृहीत धरण्याची मुभा अधिकाऱ्यांना होती, म्हणून शिक्का नीट उमटला की नाही, हे तो तेथेच पाहून घेई. यापुढे पुरावा सरकारच्या यंत्रात राहील. त्यात चूक झाली तर ती दाखविण्यासाठी विमानाचे तिकीट आणि निवासाच्या पावत्या प्रवाशालाच जपून ठेवाव्या लागतील. यंत्रातील नोंद साधारणतः तीन वर्षांनी पुसली जाईल. आखातातून कोकणात परतलेल्या कामगाराच्या ट्रंकेत मात्र कोपरा कापलेले, रद्द झालेले पारपत्र चाळीस वर्षांनंतरही असते, आणि कोणत्या दिवशी तो घरातून निघाला व कितव्या वर्षी परत आला, हे त्याच्या नातवाला त्यावरून वाचता येते.